सत्तावन्नावा दिवस

तिला हरवणारा तो मी.
ऑरेस्ट हाव्रिल्युक, थंडर बेमध्ये शाळेची बस चालवतो.
आता हेही प्रश्नमंजूषांत विचारतात,
सोप्या गटात, दोनशे डॉलरला,
आणि बहुतेकांना येत नाही.

व्हर्ना हॉलडॉर्सननं ओळीनं छप्पन भाग जिंकले होते.
दर भागात समोर दोन नवी माणसं,
म्हणजे एकशे बारा. वकील, भूगोलाचे मास्तर,
एक पाद्री, सात भाषा येणारा एक हडकुळा पोरगा,
सगळे तिनं हातात पाकीट देऊन घरी पाठवले.
"तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत" म्हणायचा हक्क असलेली
मला भेटलेली ती एकटीच,
आणि ती म्हणाली एवढंच,
"आत गारठा असतो. स्वेटर घाल."

टोरोंटोत एका दिवसात पाच भाग उरकायचे.
सोमवार, मंगळवार, बुधवार सगळे एकाच दुपारी.
म्हणून तिच्या बॅगेत पाच कार्डिगन.
बुधवारची बटणं लावताना तिनं विचारलं,
"आज खरा वार कोणता गं?"
मेकअपवालीलाही आठवेना.

सस्कॅचेवानमध्ये, रेल्वेच्या फाट्यावर, धान्याच्या कोठाराशी
वजनकाट्याच्या खिडकीत ती तेवीस वर्षं बसली.
एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत वाचायची:
बंद पडलेल्या शाळेचे विश्वकोश, बियाण्यांचे कॅटलॉग,
खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर.
हिवाळ्यात ट्रक कमी. हिवाळा लांब.

पण उत्तरं काय, आम्हा सगळ्यांनाच येत होती.
खेळ बटणाचा. दिवा लागायच्या आधी दाबलंत
तर पाव सेकंद बाद; उशीर केलात
तर ती असतेच.
तिनं सराव केला बॉलपेनवर,
टक, टक, टक,
नवरा उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत.
ज्याला सही येत नाही त्याला अंगठाबहाद्दर म्हणतात.
मला तो शब्द तिच्यासाठी राखून ठेवावासा वाटतो.

सत्तावन्नाव्या दिवशी शेवटचा प्रश्न:
गव्हाच्या एका बुशेलचं वजन किती पाउंड?

हसू नका. मी हसलो नाही.
मी साठ लिहिलं, आजोबांच्या गोण्या पाठीवर वाहिल्यात म्हणून.
ती पाटीवर बराच वेळ वाकून होती.
मग पाटी उजळली: अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस बार्लीचं.

प्रेक्षकांत कुणाच्या तरी पर्समधून किल्ल्या पडल्या.
तिनं माझा हात हातात घेतला; अंगठ्याला चिकटपट्टी होती.
"दुसरा शर्ट आणलायस का?"
आणला नव्हता. कोण आणतो?

चाळीस मिनिटांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी,
कॅमेरामनचा शर्ट घालून
मी मंक्टनच्या एका दंतवैद्याकडून हरलो.
नदीचा प्रश्न होता. नदी मला माहीत होती.

अकरा वर्षं लोक विचारतात: मुद्दाम?
थकली होती, म्हणे. पेरणी तोंडावर आलेली, म्हणे.
नवऱ्याचा फोन आला होता, पैसे पुरे झाले होते,
बार्लीचे ट्रक जास्त यायचे त्या काट्यावर, म्हणून बोटांना तेच वळण.
प्रत्येकाकडे उत्तर आहे
आणि दिवा लागायची वाट कुणीच बघत नाही.

एका ऑक्टोबरात मी गेलो तिकडे.
दोन ट्रकांच्या मधून माझी जुनी गाडी काट्यावर चढवली.
खिडकी सरकली. केस पांढरे, कार्डिगन बहुतेक सोमवारचं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे,
जरा जास्तच वेळ काट्याकडे,
आणि चिठ्ठी बाहेर दिली:
सोळाशे दहा किलो, ड्रायव्हर धरून.

"पुढे घे," म्हणाली,
"मागे बार्ली आहे."